झाडं तोडणारे पर्यावरणवाले

अमेरिकेतल्या मॅडिसनला आल्यापासून एकही झाड लावल्याचं मला आठवत नाही. तोडली मात्र भरपूर. गवत पेटवलं, फुलावर आलेली रोपं मुळासकट उपटली, बुंध्यांना तणनाशक फासलं. ‘पर्यावरणाचा अभ्यास करतेस म्हणजे नक्की काय करतेस गं?’ असं घरचे फोनवर विचारतात, तेव्हा हे सगळं सांगायला जीभ रेटत नाही. मग ‘प्रोजेक्ट चालू आहे’ म्हणून वेळ मारून नेते. आज जरा सविस्तर लिहिते.

मी जिथे शिकते ती विस्कॉन्सिन विद्यापीठाची पर्यावरण अभ्यासाची संस्था, नेल्सन इन्स्टिट्यूट, १९७० साली सुरू झाली, म्हणजे पहिला वसुंधरा दिन साजरा झाला त्याच वर्षी. तो दिवस ज्यांच्या डोक्यातून निघाला ते सिनेटर गेलॉर्ड नेल्सन याच राज्याचे. २००२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. (२२ एप्रिल ही तारीख कॉलेजच्या पोरांची सोय बघून निवडली होती: वसंतातली सुट्टी संपलेली, परीक्षा अजून लांब. मॅडिसनच्या हवेला विचारलं असतं तर मे ठरला असता. इथे एप्रिलअखेरही बर्फ पडू शकतो.)

आमच्या अभ्यासक्रमाची अडचण अशी, की आम्ही एका जागी कधी नसतोच. मी मातीवर काम करते, दुसरी पाण्याच्या कायद्यावर, तिसरा जंगलांच्या इतिहासावर. प्रत्येकाचा गाईड वेगळ्या विभागात, वेगळ्या इमारतीत. केमिस्ट्रीवाल्यांची एक लॅब असते, तिथे भांडणं होतात, वाढदिवस होतात. आमच्याकडे तसं काही नाही. एकाच पदवीला असलेली दोन माणसं वर्षभर एकमेकांना न भेटता राहू शकतात. संस्था आपल्या परीने प्रयत्न करते. स्वागत समारंभ, व्याख्यानं, पिझ्झा. पण कागदी प्लेट हातात धरून ‘तुझा विषय काय?’ विचारलेल्या माणसाचं नाव दारातून बाहेर पडेपर्यंत विसरलेलं असतं. इथे माझी ज्यांच्याशी मैत्री झाली, ती करवत हातात असताना झाली.

थंडीत शनिवारी सकाळी विद्यापीठाच्या जंगलपट्ट्यात श्रमदान असतं. शत्रू म्हणजे बकथॉर्न, कुंपणासाठी युरोपातून आणलेलं झुडूप. वसंतात सगळ्यांच्या आधी त्याला पालवी फुटते आणि शरदात सगळ्यांच्या नंतर पानं गळतात. त्यामुळे खालच्या ओकच्या रोपांना ऊन मिळतच नाही. काम थंडीत करायचं, कारण जमीन गोठलेली असते आणि आमच्या बुटांनी तिचा चिखल होत नाही. पानं नसताना ओळखायचं कसं? साल जराशी खरवडायची, आत केशरी निघालं की तोच. बुंधा कापला की मागून एकजण बाटली घेऊन येतो आणि कापलेल्या जागेवर तणनाशक लावतो. नाही लावलं तर एका खोडाच्या जागी डझनभर फुटवे उभे राहतात. औषधात निळा रंग मिसळलेला असतो, कुठले बुंधे झाले ते कळावं म्हणून. दुपारपर्यंत बर्फावर निळे ठिपके, हातमोजे निळे, एखाद्याचं नाकही निळं.

त्या बाटलीवरून दरवेळी वाद होतो. इतिहासवाला म्हणतो, कुठलं झाड इथलं आणि कुठलं उपरं हे ठरवणारे आपण कोण, आपण सगळे स्वतःच उपरे. वनस्पतीशास्त्रवाली त्याला बकथॉर्नखालची उघडीबोडकी जमीन दाखवते आणि विचारते, इथे दुसरं काय उगवतंय ते सांग. सेमिनारमध्ये हाच वाद असता तर दोघांनी चार-चार विद्वानांची नावं फेकली असती. इथे दोघं एकाच फांदीची दोन टोकं धरून ती ढिगाकडे ओढत असतात, त्यामुळे आवाज चढला तरी पाऊल मिळवून चालावं लागतं. माझं मत वनस्पतीशास्त्रवालीच्या बाजूने आहे, पण ‘उपरे’ हा शब्द माझ्यासारखीला टोचतो, हेही खरं.

आता आगीबद्दल. विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे अभ्यासासाठी राखलेल्या वनोद्यानात, कर्टिस प्रेअरी नावाचा सुमारे ७० एकरांचा माळ आहे. १९३० च्या दशकात ही मोडकळीला आलेली शेतजमीन होती. महामंदीत बेकार झालेल्या तरुणांना सरकारने कामाला लावलं होतं. त्यांच्यातल्या एका तुकडीने इथे मूळचं रानगवत आणि रानफुलं लावली. हरवलेला माळ पुन्हा उभा करायचा जगातल्या सगळ्यात जुन्या प्रयत्नांपैकी हा एक. लावलं खरं, पण नुसत्या लावण्याने भागलं नाही, तणं वरचढ ठरू लागली. मग १९४० च्या दशकात जॉन कर्टिस या वनस्पतीशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इथे जाळण्याचे प्रयोग केले आणि या गवताला आगीची गरज असतेच हे दाखवून दिलं. इथले मूळ रहिवासी असलेले हो-चंक लोक त्यांच्या कितीतरी आधीपासून हे माळ मुद्दाम पेटवत होते. ही जमीन त्यांची, १८३२ च्या कराराने त्यांच्याकडून घेतलेली. त्यांना हुसकावलं आणि त्यांच्याबरोबर आगही गेली. विद्यापीठाने मग तीच आग शोध म्हणून पुन्हा लावली. आमच्या वर्गात हे आता उघडपणे बोललं जातं, एवढं बरं.

प्रशिक्षण घेतल्याशिवाय तुम्हाला आगीजवळ फिरकू देत नाहीत. ते झालं की वसंतात रोज सकाळी फोनकडे बघायचं, कारण वारा आणि हवेतला दमटपणा जुळला तरच निरोप येतो. गाईडबरोबरची मीटिंग त्या दिवशी पुढे ढकलायची. गाईड कुरकुरतात, पण नाही म्हणत नाहीत. पिवळे आगरोधक कपडे, हेल्मेट आणि पाठीवर वीसेक लिटर पाणी. वारा ज्या बाजूला वाहतोय त्या कडेला आधी पेटवतात. ती आग वाऱ्याच्या विरुद्ध, मुंगीच्या पावलाने सरकते आणि मागे काळा पट्टा सोडते. पट्टा पुरेसा रुंद झाला की मग समोरून, वाऱ्याबरोबर. गेल्या वर्षीचं वाळलेलं, माणसाहून उंच गवत धडाधड पेटतं. आवाज आधी येतो, झळ नंतर. माझं काम साधं: काळ्या पट्ट्यात उभं राहून पलीकडे ठिणगी पडते का ते बघणं आणि पडली की पाण्याची पिचकारी मारणं. नजर हटवायची नाही. शेजारी वीसेक पावलांवर उभी असलेली व्यक्ती तुमच्या पाठीची काळजी घेते, तुम्ही तिच्या. तिचा विषय काय, हा प्रश्नच तिथे पडत नाही.

गवताच्या कळ्या मातीखाली सुरक्षित असतात आणि मुळं तर कित्येक फूट खोल. काळी जमीन ऊन पिऊन लवकर तापते आणि थोड्याच आठवड्यांत हिरवी होते. आग सुरू करण्याआधी सुरक्षिततेची उजळणी होते, तेव्हा एकदा तुकडीप्रमुखाने अल्डो लिओपोल्डची आठवण काढली. आर्बोरेटमच्या संशोधनाचा हा पहिला प्रमुख. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातली गवताची आग विझवायला धावला आणि तिथेच हृदयविकाराने गेला. त्यानंतर कुणी फालतू विनोद केला नाही.

एप्रिलमध्येच एका शनिवारी सँडहिल क्रौंचांची मोजणी असते. पहाटे साडेपाच ते साडेसात, हातात नकाशा, बोटं बधिर. १९७६ पासून ती चालू आहे आणि बाराबूची इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन तिची सूत्रं सांभाळते. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये या पक्ष्यांच्या जेमतेम पंचवीसेक जोड्या उरल्या होत्या, आज ते हजारोंनी आहेत. दिसण्याआधी ते ऐकूच येतात. जोडी एकत्र ओरडते तेव्हा नराच्या एका हाकेला मादी साधारण दोन हाका देते. ते ओळखता आलं की धुक्यातसुद्धा ‘जोडी’ अशी नोंद करता येते. मला हे शिकवलं ते कायद्याच्या विद्यार्थिनीने.

तळ्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. मेंडोटा कधी गोठलं आणि कधी वितळलं याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत, आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात ते फक्त २१ दिवस गोठलेलं होतं. बर्फावर चालत तळ्याचे नमुने घेणारे माझे मित्र हा आकडा सांगताना अजिबात नाट्य करत नाहीत. मे महिन्यात इतिहास आणि पर्यावरण जोडणाऱ्या केंद्राची बससहल असते. प्राध्यापक आणि विद्यार्थी काही दिवस एकाच बसमध्ये. प्राध्यापकांना प्रवासात डुलक्या काढताना पाहिलं, की त्यांना ईमेल लिहिताना हात थरथरत नाही.

आणि ईगल हाइट्सची बाग. विद्यार्थी कुटुंबांच्या वसाहतीशेजारी १९६२ पासून सामायिक बागेचे वाफे आहेत. वाफा मिळाला की श्रमदानही आलंच. इथे विषय नसतो, शेजार असतो. कुणाचा भोपळा कुणाच्या हद्दीत शिरला, पाण्याचा पाइप कुणी गुंडाळून ठेवला नाही, यावरून तोंडं फुगतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच भोपळ्याची फोड दारात येते.

हे सगळं छान असलं तरी ज्यांना जमत नाही त्यांची संख्याही मोठी आहे. शनिवार सकाळ मोकळी असणं हीच चैन आहे. ज्यांना लहान मुलं आहेत, ज्यांना पेपर तपासायचे आहेत, ज्यांचे प्रयोग वीकेंडला थांबत नाहीत, ते दिसत नाहीत, आणि मग हळूहळू त्यांना कुणी बोलवतही नाही. क्रौंच मोजायला जायचं तर पहाटे पाचला बस नसते. यावर आमच्या बॅचने मीटिंगा बऱ्याच घेतल्या, हाती काही लागलं नाही. उपयोग झाला तो एका साध्या तक्त्याचा: कोणाकडे गाडी आहे, कोण दोन तास मूल सांभाळेल. त्या तक्त्यात ज्याच्या जुनाट व्हॅनचं नाव सगळ्यात वर आहे, त्याला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. गेल्या मोजणीत तो पूर्ण वेळ गाडीतच झोपला होता, आणि यंदाही पहाटे चारला त्याच्याच दारात जमायचं ठरलंय.