घर आवरून देणाऱ्या बाई

आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट एकदाचं मार्गी लागलं. इमारत १९८६ची, कोथरूडमधली, तीन मजली, लिफ्ट नसलेली. सहकार कायद्याच्या ७९(अ) कलमाखालच्या सभा, बिल्डरची निवड, हरकती, करार, पुन्हा सभा या सगळ्या काळात जो तो कार्पेट एरिया आणि भाड्याच्या रकमेवर डोळा ठेवून होता. घर रिकामं करून चाव्या द्यायची तारीख आली तेव्हा कुठे लोकांनी मान वर करून माळ्यांकडे पाहिलं.

आमच्याकडे माळे तीन. स्वयंपाकघरावर एक, बाथरूमवर एक, आणि पॅसेजमधला, ज्याला वडिलांनी सरकती दारं करून घेतली होती. आत नेमकं काय आहे ते कुणालाच सांगता आलं नसतं. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून वर चढवलेलं सामान, एवढीच त्याची ओळख. भाड्याने घेतलेला फ्लॅट नवाकोरा, आणि त्याला एकही माळा नाही. मूव्हर्स-पॅकर्सचा माणूस घर बघून गेला, म्हणाला, सतरा फुटी गाडी लागेल आणि वर एक छोटा हत्ती.

बायकोने जाहीर केलं, “मी ऑर्गनायझर बोलावणार आहे.” मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, खर्चाला मंजुरी देण्याआधी शंका काढायची खोड जात नाही. म्हटलं, आपलंच घर आवरायला परक्या बाईला पैसे मोजायचे? “मग तुम्ही चढता का माळ्यावर?” या प्रश्नाने विषय मिटला.

चौकशी मात्र मीच केली. एका ठिकाणी चौरस फुटावर दर होता, सगळे पैसे आगाऊ, आणि घरी कोण येणार ते ऐन वेळी कळणार. शिवाय पारदर्शक डबे आणि टोपल्यांची एक यादी आली, तिची बेरीज त्यांच्या फीपेक्षा मोठी. काय ठेवायचं तेच ठरलेलं नसताना ते कशात ठेवायचं याची खरेदी आधी! नमस्कार केला. दुसरीकडे माणशी तासाला ८०० रुपये, किमान चार तास. ज्यांना आम्ही अखेर बोलावलं त्या बाई दिवसाचे ६,००० घेत, त्यात त्या स्वतः आणि एक मदतनीस मुलगी, कामाचे सहा तास, जेवणाची सुट्टी वेगळी. पहिल्या पाहणीचे १,००० नंतरच्या बिलातून वजा.

ठरवताना मी बरंच काही लिहून घेतलं. घरातले फोटो आम्हाला विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर जाणार नाहीत. डबे-टोपल्यांवर त्यांचं कमिशन नाही. टाकायचं सामान खाली नेऊन कोण देणार. दागिने आणि रोकड आम्ही आधी लॉकरमध्ये ठेवायची, ही अट तर त्यांनीच घातली. “नंतर काही सापडलं नाही तर तुम्हालाही त्रास, मलाही,” म्हणाल्या. इथे माझं मत थोडं अनुकूल झालं.

पाहणीला आल्या तेव्हा हातात फक्त मेजरिंग टेप आणि वही. आमच्या कपाटांकडे त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, “भाड्याच्या घराची चावी आहे का? आधी ते दाखवा.” तिथे जाऊन त्यांनी कपाटातला कपडे लटकवायचा दांडा मोजला, ट्रॉल्यांची खोली मोजली, सिंकखालची जागा, पलंगाच्या आतले कप्पे, सगळं मोजून वहीत उतरवलं. मग मला म्हणाल्या, “काका, काय टाका आणि काय ठेवा ते मी सांगणार नाही. या कपाटात जेवढं बसतं तेवढंच बसणार. भांडायचं तर कपाटाशी भांडा.”

या बाईंच्या कामातलं खरं कसब हेच, असं मला आता वाटतं. घरातली आवराआवर अडते ती माणसांपाशी. मी म्हणतो टाक, आई म्हणते राहू दे, बायको म्हणते तुमची पुस्तकं आधी कमी करा. एकदा मापं भिंतीवर चिकटवली की या वादाला धारच राहत नाही. ‘तुमच्यासाठी शर्टांचा दोन फूट दांडा’ असं लिहिलेलं दिसलं की माणूस आपोआप स्वतःचे शर्ट मोजू लागतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. मी धरून चाललो होतो की माळ्यांपासून सुरुवात होणार. बाईंनी औषधांच्या डब्यापासून केली. तारीख उलटलेलं खोकल्याचं औषध टाकताना कुणाचं मन दुखावत नाही, आणि हात टाकण्याला सरावतो. मग बाथरूम, मग स्वयंपाकघर, कपडे, कागदपत्रं आणि अगदी शेवटी फोटो. आल्बम मध्येच सापडले तर उघडायची मनाई. मदतनीस मुलगी ते उचलून सरळ बाजूच्या खोक्यात टाकत असे.

एका जातीचं सगळं एका जागी आणायचं, हा त्यांचा नियम. हॉलमध्ये जुन्या चादरी अंथरल्या आणि घरभरच्या कात्र्या गोळा केल्या. १४ निघाल्या. दर वेळी सापडली नाही म्हणून नवी आणलेली. छत्र्या, बॅटऱ्या, चार्जर यांचंही तेच. संक्रांतीच्या वाणांचा वेगळा ढीग झाला, त्यात गाळणी, कंगवे, इवल्याशा वाट्या. आणि ब्लाऊजपीस! ओटीत आलेला ब्लाऊजपीस कुणी शिवत नाही, तो पुढच्या ओटीत जातो, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तरी आमच्याकडे एवढे साठले होते की एखादा तरी आमच्याच घरून निघून फिरत फिरत परत आला असेल, अशी मला दाट शंका आहे. बायकोने लागतील तेवढे ठेवले, बाकीचे गोधड्या शिवणाऱ्या बाईंना दिले, त्या खूश झाल्या.

भांड्यांपाशी मात्र गाडी थांबली. आई ८६ वर्षांची. स्टीलची ताटं, वाट्या, डबे, तांबे, पितळी पातेली असं सगळं माळ्यावरून उतरलं, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकावर नाव घातलेलं. भांड्याच्या दुकानात बसून नावं घालणारा माणूस टिंबाटिंबांनी कोरत असे, ती अक्षरं. ‘चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट’, खाली देणाऱ्याचं नाव, खाली तारीख. काहींवर नुसतं ‘वास्तुशांत १९८७’. आई एकेक भांडं खिडकीकडे धरून वाचायला लागली. हा डबा नाशिकच्या आत्याचा. ही परात मामाने दिली, तेव्हा त्याची नोकरी नुकतीच लागली होती. ही वाटी कुणाची ते आठवेना, तर ती बाजूला, आठवेपर्यंत.

मी घड्याळाकडे बघत होतो, कारण मीटर चालू होतं. बाई मात्र आईशेजारी जमिनीवर बसल्या आणि मदतनीस मुलीला म्हणाल्या, “आजी सांगतायत ते मोबाइलवर रेकॉर्ड कर, आणि कोरलेल्या नावाचा जवळून फोटो काढ.” मग आईला विचारलं, “आजी, आत्यांची किती भांडी आहेत? त्यातलं तुम्हाला रोज हातात घ्यायला आवडेल असं एक कोणतं?” आईने डबा काढला. तोच रोजच्या वापरात आला. आत्याची बाकीची भांडी मोडीत गेली आणि आईने हूं की चूं केलं नाही. प्रत्येक माणसाचं एक भांडं ठेवायचं, असा हिशोब ठरला. हे मी सुचवलं असतं तर घरात दोन दिवस अबोला झाला असता. पितळेतलं एक घंगाळ आणि दोन पातेली ठेवली, पातेल्यांना कल्हई करून घेतली. बाकीचं पितळ रविवार पेठेत दिलं, दर स्टीलच्या कितीतरी पट मिळतो.

सामान घराबाहेर काढणं हे स्वतंत्र काम आहे आणि त्याचा विचार आधी करायला हवा. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं, तुम्हाला हवं असेल ते आधी तुम्ही निवडा, आणि नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा. मला हे फार पटलं. आपल्याकडे मोडका मिक्सर मावशींच्या गळ्यात मारून वर दान केल्याचं समाधान मिळवायची पद्धत आहे. मावशींनी दोन ब्लँकेटं, प्रेशर कुकर आणि लोखंडी कपाट घेतलं, बाकीच्याला हात लावला नाही. जुना मॉनिटर, चार्जर, वायरी हा ई-कचरा ‘स्वच्छ’ संस्थेच्या जुन्या वस्तू गोळा करण्याच्या मोहिमेत गेला. दिवाळी अंकांची रद्दी झाली, मला वाईट वाटलं, पण वाचनालयांकडे ते आधीच ढिगाने असतात. वडिलांची हत्यारं, पान्हे, रंधा वगैरे जुन्या बाजारात विकावीत असं कुणीतरी सुचवलं, तिथे बुधवारी आणि रविवारी बाजार भरतो. पण मी ती विकली नाहीत, सोसायटीतल्या एका सुताराला दिली. देवांच्या विटक्या तसबिरी पिंपळाखाली ठेवून येणं बाईंना मान्य नव्हतं. काच आणि चौकट वेगळी करून भंगारात दिली, कागद पाण्यात भिजवून, त्याचा लगदा करून कुंडीत घातला. आईने आधी नमस्कार केला, मग स्वतःच कागद भिजत घातले.

सगळंच जमून आलं असंही नाही. साड्यांच्या उभ्या घड्या घालायचा त्यांचा आग्रह फुकट गेला. टी-शर्ट उभे राहतात, पण खळ घातलेली सुती साडी आणि तिच्या शेजारी सिल्कची, या दोघी एका टोपलीत उभ्या राहत नाहीत. तासाभराने सगळं आडवं झालं आणि बायकोने मुकाट्याने साड्या आपल्या पद्धतीने रचल्या. मसाल्यांच्या डब्यांवर छापील इंग्रजी लेबलं लागली होती, ती आईने चष्मा लावून वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग मार्करने मराठीत नावं लिहिली: मेथ्या, ओवा, गोडा मसाला.

कागदपत्रं हा माझा प्रांत. मला वाटत होतं, इथे बाईंची गरज नाही. पण माझ्या फायली तारखेनुसार होत्या आणि त्यांनी त्या कामानुसार करायला लावल्या: घराचे, माणसांचे, पैशाचे, आजारपणाचे. घराचे कागद कायम ठेवायचे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मूळ करारनामा, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, स्टँप ड्युटीच्या पावत्या हे बिल्डरच्या वकिलांनी मागितलंच होतं, आणि पुढे कधी घर विकलं तर भांडवली नफ्याच्या हिशोबाला खरेदीचे कागद लागतात. विजेची बिलं, १९९०च्या दशकातल्या टेलिफोनच्या पावत्या, मेलेल्या फ्रिजचं वॉरंटी कार्ड, हे सगळं फाडून टाकलं. नाव, पत्ता, खाते क्रमांक असलेला कागद अख्खा रद्दीत द्यायचा नाही, एवढं मी त्यांना शिकवलं.

वडिलांच्या जुन्या एलआयसीच्या फोल्डरमध्ये शेअर्सची कागदी सर्टिफिकेटं सापडली. एका मोठ्या कंपनीची, वडील आणि आई यांच्या संयुक्त नावावर. वडील २०१२ साली गेले, त्यांचं लाभांश जमा होणारं खातं आम्ही बंद केलं, आणि पुढचे लाभांशाचे वॉरंट, म्हणजे चेकसारखे कागद, कुठे गेले कुणास ठाऊक. आता कायदा असा की सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर तो लाभांश आणि त्यासोबत शेअर्सही सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातात. आमचे गेले होते. बुडत नाहीत, परत मागता येतात, पण कागदी शेअर्सची विक्री-हस्तांतरणं १ एप्रिल २०१९पासून बंद असल्याने आधी आईच्या नावे डिमॅट, म्हणजे शेअर्स कागदाविना ठेवायचं, खातं हवं. ८६व्या वर्षी आईचं डिमॅट खातं उघडलं. केवायसीसाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात, ते तिला चमत्कारिक वाटलं.

बाईंचं एकूण बिल ४२,००० झालं. मोडीचे आणि विकलेल्या सामानाचे पैसे, आणि सतरा फुटीऐवजी चौदा फुटी गाडीत सगळं बसलं त्यातली बचत धरली तर निम्म्याच्या आसपास वसूल. बाकीच्याबद्दल बायकोशी चर्चा करण्यात अर्थ नाही, ती पुढच्या जिन्यातल्या लोकांना बाईंचा नंबर देऊन मोकळी झाली आहे. भाड्याच्या फ्लॅटमध्ये सामान लावायलाही त्या आल्या होत्या आणि ते काम अपेक्षेपेक्षा लवकर उरकलं, कारण प्रत्येक खोक्यावर कोणत्या कपाटाचा कितवा कप्पा ते लिहिलेलं होतं.

शेअर्सचं काम चालूच आहे. वडिलांचा मृत्यूचा दाखला, आईचा केवायसीचा आयएसआर-१ फॉर्म, सहीची बँकेकडून पडताळणी, हे सगळं कंपनीच्या शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे गेलं. आईची १९८०च्या दशकातली सही आणि आताची सही जुळत नाही म्हणून त्यांनी प्रतिज्ञापत्र मागितलं आहे, पाचशेच्या स्टँप पेपरवर. कंपनीकडून हक्काचं पत्र आलं की मगच शेअर्स परत मागायचा आयईपीएफ-५ हा अर्ज भरता येईल. स्टँप पेपर आणलाय, नोटरीकडे आईला घेऊन जायचंय.