तीस मायक्रॉन

अग्निजन्य खडक शिकवतो म्हटलं की लोकांना वाटतं हा माणूस ज्वालामुखीच्या तोंडाशी उभा असणार, खरं तर माझी निम्मी नोकरी दगड घासण्यात गेलीये. खडकाची चकती कापायची, काचपट्टीवर चिकटवायची आणि पाण्यात कार्बोरंडम पावडर कालवून घासत बसायचं, जाडी ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. म्हणजे ३० मायक्रॉन, केसाहून पातळ. एवढं केलं की काळाकुट्ट बेसॉल्टसुद्धा उजेड आरपार सोडतो, याचं कारण मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि तरी मला ते दरवर्षी नवंच वाटतं.

पोरं विचारतात, सर झालं का? मी म्हणतो क्वार्ट्झ बघ. सूक्ष्मदर्शकाखाली क्रॉस निकॉलमध्ये, म्हणजे उजेड एकाच दिशेत कंपू देणाऱ्या दोन गाळण्या एकमेकींना काटकोनात ठेवून (निकॉलचा कॅल्साइटचा प्रिझम १८२८चा, आता तिथे नुसती पोलरॉइड फिल्म असते पण नाव काही सुटत नाही) क्वार्ट्झ पिवळा दिसला तर स्लाइड अजून जाड, राखाडी झाला की हात थांबवायचा. तेच जमत नाही कुणाला. परवा एका मुलीने अजून जरासं, जरासं म्हणत चार हात जास्तीचे मारले, आणि काचेवर उरलं काय तर इपॉक्सी, म्हणजे चिकटवायचा डिंक, आणि कडेला ग्रॅनाइटचा नखाएवढा तुकडा. मी काही बोललो नाही, माझ्याही अशा कितीतरी गेल्यात.

मी स्वतः सध्या बेसॉल्टमधल्या एका प्लॅजिओक्लेजपाशी (हे एक फेल्डस्पार खनिज) अडकलोय. पट्टेवाला स्फटिक, सूक्ष्मदर्शकाचं स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची गोल तबकडी, फिरवलं की काळे पट्टे पांढरे, पांढरे काळे. पण याचा गाभा चाळणीसारखा भोकाभोकाचा आणि भोवती परत स्वच्छ कड. म्हणजे वाढता वाढता जास्त गरम मॅग्मा येऊन मिसळला, हा अर्धवट विरघळला आणि मग पुन्हा वाढला, असं म्हणावं तर मॅग्मा घाईघाईने वर येऊन दाब झपकन उतरला तरी असंच दिसतं! कडेला गाभ्यापेक्षा कॅल्शियम जास्त निघालं तर पहिल्या बाजूला झुकता येईल, त्यासाठी प्रोबवर, म्हणजे स्फटिकाच्या बारीक ठिपक्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, नंबर लावलाय. तोवर वहीत त्या स्फटिकाच्या चित्राशेजारी मोठं प्रश्नचिन्ह आहे, आणि शेजारच्या खोलीतून घासण्याचा आवाज येतोय, तिने दुसरी चकती कापलेली दिसते.