शंभर पेशी मोजताना

डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) करून धुळ्यात एका लॅबमध्ये लागले, तेव्हा पहिला महिना नुसता स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, काढण्यात गेला. काचेच्या टोकाला रक्ताचा थेंब, त्याला दुसरी काच तिरपी टेकवायची आणि एका दमात पुढे सरकवायची. हात जरा अडखळला की शेपूट फाटलीच.

मग लिशमन स्टेन, म्हणजे पेशी रंगवायचा रंग. दोन मिनिटं नुसता स्टेन, नंतर त्यावर दुप्पट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, आठ-दहा मिनिटं. एकदा बफर संपलं म्हणून मी बोअरचं पाणी वापरलं. या रंगाला ६.८ पीएच लागतो आणि बोअरचं पाणी क्षाराचं. सगळी स्लाइड निळीशार. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीचे नारिंगी दाणेही ओळखू येईनात. लॅबच्या मॅडम रागावल्या नाहीत. चांगल्या स्लाइडशेजारी ती ठेवून मला दोन्ही बघायला लावल्या.

पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल लवकर जमला: केंद्रकाचे दोन ते पाच तुकडे, बारीक धाग्यांनी जोडलेले. घोळ व्हायचा तो मोठा लिम्फोसाइट आणि मोनोसाइट यांच्यात. मॅडम म्हणाल्या, "केंद्रक नंतर बघ, आधी भोवतालचा रंग बघ." लिम्फोसाइटचा स्वच्छ आभाळी, मोनोसाइटचा धुरकट राखाडी. तेव्हापासून हात चालायला लागला.

दिवाळीनंतर साक्रीकडचे एक आबा आले. कपाशी वेचताना पायात काटा मोडलेला, पाय टम्म सुजलेला, अंगात ताप. मशीनने पांढऱ्या पेशी १८,४०० दाखवल्या. एरवी ४,००० ते ११,००० असतात. मशीनने खूणही केली होती, म्हणून स्लाइड माझ्याकडे आली. शंभर पांढऱ्या पेशींत ८६ न्यूट्रोफिल, आणखी ७ बँड. इओसिनोफिल एकही नाही.

बँड म्हणजे कोवळे न्यूट्रोफिल. केंद्रक अजून तुटलेलं नाही, घोड्याच्या नालासारखं वाकलेलं. जंतू गिळता गिळता न्यूट्रोफिल मरतात, त्यांचाच पू होतो. मागणी वाढली की अस्थिमज्जा कोवळेही पाठवते.

"पोर, मना रगतमा काय शे?" आबांनी विचारलं. मी त्यांना मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. गडद ठोसर दाण्यांनी भरलेली एक पेशी मधोमध होती. "आबा, ही तुमच्या पायासाठी लढतेय." ते बराच वेळ बघत राहिले.

डॉक्टरांनी पू काढला, औषध सुरू केलं. आठवड्याने पुन्हा रक्त आलं: एकूण ९,२००, न्यूट्रोफिल ६६. आणि दोन इओसिनोफिल, दाणे अगदी स्वच्छ नारिंगी.