रिपोर्ट नॉर्मल, आबा घामाघूम

लॅबला रात्रपाळी होती. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातले एक गूळ-अडते, वय सत्तरीच्या आसपास, कॅज्युअल्टीत आले. "छातीत काय न्हाई ओ, नुसती धाप लागतीया," असं म्हणत होते आणि सदरा घामानं चिंब. साखर जुनी. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळं छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. ईसीजीत बदल दिसत होता, म्हणून ट्रोपोनिनचं (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) सँपल माझ्याकडं आलं.

रिपोर्ट मर्यादेत. डॉक्टर म्हणाले, "परत लाव." परत तेच. काही तासांनी दुसरं सँपल घेतलं, तेही नॉर्मल. त्यांनी औषधं केव्हाच सुरू केली होती. मशीनपेक्षा पेशंटवर भरवसा ठेवणारा माणूस!

मुलाला विचारलं, आबा काय काय खातात? त्यानं औषधांची पिशवीच टेबलावर ओतली. मेटफॉर्मिन, व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल आणि पायाला मुंग्या येतात म्हणून 'नसांच्या गोळ्या'. स्ट्रिपच्या मागं, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत: बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक व्हिटॅमिन, 10 मिलिग्रॅम. शरीराला दिवसाला लागतं सुमारे 30 मायक्रोग्रॅम. त्यात त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड मंद, बायोटिन बाहेर टाकणार हळूहळू.

आमच्या मशीनची पद्धत बायोटिनच्या पकडीवर चालते. रक्तातलं ट्रोपोनिन बायोटिन लावलेल्या अँटिबॉडीला चिकटतं आणि ती जोडी स्ट्रेप्टाव्हिडिनवर, म्हणजे बायोटिनला घट्ट धरणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसते. गोळीतलं मोकळं बायोटिन रक्तात भरपूर असलं, की ते एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं आधीच जागा धरतं. खरी जोडी धुवून जाते आणि आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, 2017 साली याबद्दल इशारा दिला होता. आता बऱ्याच कंपन्यांनी रिएजंट (तपासणीची रसायनं) सुधारलेत, आमचं मशीन जुनं.

तेच सँपल बायोटिन न वापरणाऱ्या पद्धतीवर लावायला राजारामपुरीतल्या एका लॅबला पाठवलं. आकडा मर्यादेच्या कित्येक पट! अँजिओग्राफीत ब्लॉक सापडला, स्टेंट बसला.

पिशवीत एक गोळी नव्हतीच, कोलेस्टेरॉलची. "ती आबांनीच बंद केली. व्हिटॅमिनं चालू हाईत की," मुलगा म्हणाला. हा हिशेब मी काउंटरवर रोज ऐकतो. ब्रिटनच्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत 20,536 लोक होते, त्यांत हजारो मधुमेही. त्याच लोकांवर दोन्ही गोष्टी तपासल्या. ई, सी आणि बीटा कॅरोटीननं हृदयाला काडीचा फायदा नाही. सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं अटॅक आणि पक्षाघात जवळपास चतुर्थांशानं कमी. हे 2002 साली छापून आलंय.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी बायोटिन आणि ई काढलं. मेटफॉर्मिननं बी-12 घटतं आणि आबांचं खरंच कमी निघालं, म्हणून ते एकटं ठेवलं. कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, परत सुरू. आबांनी मेडिकलचं बिल उलटसुलट बघितलं.

"डॉक्टरसाहेब, म्हागातली काढली आन् स्वस्तातली ठेवली व्हय ओ?"