पिकअप घोडीवर, मी सायकलवर

"गाडी घेतलास म्हणून गल्लीभर सांगून बसले मी, आणि तू अजून सायकलवरनंच जाऊलास?" आईचा हा प्रश्न ऑगस्टपासून दर रविवारी येतोय आणि आता मार्च लागला. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, म्हणजे तिकडं बेळगावकडं येळ्ळूरला, अनगोळला आणि उद्यमबागेत मामाच्या गॅरेजवर चहाला टेकणाऱ्या सगळ्यांना एकदमच उत्तर मिळेल आणि माझा फोनचा अर्धा तास वाचेल.

मी अमेरिकेत आयोवा राज्यात एम्स नावाच्या गावात शिकतो. चारी बाजूनं मका आणि सोयाबीन, जमीन तव्यासारखी सपाट, आपला येळ्ळूरचा गड इथं आणून ठेवला तर लोक तिकीट काढून बघायला येतील. गावात सिटी बस आहे, विद्यार्थ्यांना फुकट, पण मी भाडं कमी म्हणून गावाबाहेर सहा किलोमीटरवर खोली घेतलो आणि त्या रस्त्याला बसच येत नाही. (मी खोली "घेतलो" म्हटलं की पुण्याचा रूममेट लगेच "घेतली, घेतली" करतो. आम्ही बेळगावात घेतलो, खाल्लो, बघितलो असंच बोलतो रे बाबा, आता सवय कर. कागदावर २०१४ पासून बेळगावी झालं, तोंडातलं बेळगाव कुठं गेलंय, तसंच हे.) तर ८० डॉलरला एक जुनी सायकल घेतली आणि सुरू झालो.

सायकलचं मला काही वाटत नव्हतं, खरं सांगतो. अकरावी-बारावीला येळ्ळूरहून रोज सायकलच, आणि सुट्टीत उद्यमबागेत मामाकडं हाताखाली, तिसऱ्या रेल्वे गेटला गाडी आडवी आली की अंगावर पाऊस घेत उभं राहायचं. इथले लोक तर सायकलवर भारी प्रेम करतात, १९७३ पासून दर जुलैला हजारो लोक सायकलवर अख्खं राज्य पश्चिमेकडून पूर्वेकडं पार करतात, आणि ते पण हौसेनं. पण ते जुलैत. जानेवारीत उणे वीसला वारं समोरून असताना कोणी हौसेनं जात नाही. पाण्याची बाटली लॅबला पोचेस्तोवर बर्फाची, भुवया पांढऱ्या, आणि रस्त्यावर बर्फ वितळायला टाकलेलं मीठ चेनमध्ये जाऊन दोन दिवसांत चेन कुरकुरायला लागते.

पिकअप घरमालकाचा. म्हातारा शेतकरी, दोन वर्षं शेडात पडून होता म्हणाला, १९९७ चं मॉडेल, क्लच गेलाय, बाकी इंजिन झकास, ९०० डॉलर दे आणि घेऊन जा. कंपनीचं नाव लिहीत नाही. मामाला व्हिडिओवर दाखवलो तर पहिलं वाक्य, "हौदा केवढासा रे, ह्यात दहा पोती भात तरी बसतंय काय?" मग म्हणाला बॉनेट उघड. उघडलो. चार सिलिंडरचं २.३ लिटरचं इंजिन आणि प्लग मोजतोय तर आठ. मामा म्हणाला नीट मोज. परत मोजलो, आठच, एका सिलिंडरला दोन दोन, चार एका बाजूला आणि चार इनटेकच्या खाली असे लपलेले की हात घालायचा तर कोपराला एक सांधा जास्तीचा पाहिजे. तिकडं गॅरेजवर हे ऐकून तिघंचौघं फोनपाशी गोळा झाले.

आधी गावातल्या एका गॅरेजला विचारून बघितलो. इथं मेकॅनिकची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर, आणि क्लचचं काम म्हणजे गिअरबॉक्स खाली, म्हणजे दिवसभराचं काम. त्यांनी जो आकडा सांगितला त्यात असल्या दोन गाड्या आल्या असत्या. आणि स्टुडंट व्हिसावर कॉलेजातच आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, त्या पगारात भाडं आणि जेवण भागलं तरी पुष्कळ. आपल्याकडं कसं, माणूस स्वस्त आणि पार्ट महाग, म्हणून पार्ट घासून, बुश घालून, लेथवर टर्न करून परत चालवायचा. इथं उलटं, माणूस महाग, पार्ट त्यामानानं परवडतो, म्हणून पार्ट घ्यायचा आणि स्वतःच गाडीखाली झोपायचं. पार्टच्या दुकानात मोठाली हत्यारं डिपॉझिट भरून घरी नेता येतात, काम झालं की परत द्यायची, पैसे परत. ही पद्धत आपल्या उद्यमबागेत कोणी सुरू केली तर हत्यारं परत येतील का ह्यावर मामानं काही बोलायला नकार दिला.

आता नेमकं काय बिघडलंय ते. क्लचचं पेडल दाबलं की खाली जाऊन तिथंच बसायचं. क्लच प्लेट ठीक असेल, हायड्रॉलिकच, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा भागच गेलंय हे मामानं फोनवरच सांगितलं. आपल्या बऱ्याच गाड्यांना स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब क्लचला पोचवणारा पार्ट, गिअरबॉक्सच्या बाहेर असतो, दोन बोल्ट काढले की हातात, अर्ध्या तासाचं काम. ह्या पिकअपला तो आत, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचात, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बांगडीसारखा बसवलेला, रिलीज बेअरिंगसकट. म्हणजे वीतभर पार्टसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. मामा एक मिनिट गप्प बसला आणि मग म्हणाला, "ज्यानं हे डिझाइन केलंय त्याला एकदा गाडीखाली झोपवायला पाहिजे होतं."

आणि मग सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

पहिली अडचण पाने. घरनं येताना मामानं दिलेला दहा-अकरा, बारा-तेराचा सेट होता, बहुतेक बोल्ट एमएम निघाले हे नशीब. पण मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या फ्लँजला १२ एमएमचेच बोल्ट आणि डोकं बारा कोनांचं, साधी सहा कोनी गोटी (सॉकेट) त्यावर बसतच नाही. ती एक गोटी आणायला सायकलवर जाऊन येऊन बारा किलोमीटर. आणून लावली तर बोल्ट हलायला तयार नाही, कारण मीठ. इथं गाड्या चालून खराब होत नाहीत, खाली गंजून खराब होतात. तीन दिवस गंजाचं तेल मारत राहिलो, चौथ्या दिवशी पान्याला पाइप लावून जोर दिलो तेव्हा तीन सुटले आणि एक तुटला. मामा म्हणाला, "तुटल्या बोल्टवर नट ठेव आणि वेल्डिंग मार, गरम आहे तवरच फिरव." वेल्डिंग मशीन म्हाताऱ्याच्या शेडातच निघालं, शेतकऱ्याकडं नसलं तर कुणाकडं असणार. म्हातारा स्वतः हॅट घालून आला, नटवर दोन टाके मारले, आणि बोल्ट लोण्यासारखा आला. व्हिडिओवर मामा आणि इथं म्हातारा, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण दोघांनी एकाच वेळी मान हलवली.

दुसरी अडचण साडेअकरा तास. हिवाळ्यात इथं रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडं सकाळचे नऊ, मामा गॅरेज उघडून उदबत्ती लावत असतो. म्हणून माझं सगळं काम रात्री, शेडात एक बल्ब, अंगावर दोन स्वेटर, आणि पोटावर फोन. मामाची एकच अट, गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर असल्याचं दाखव, नुसत्या जॅकवर असली तर फोन बंद. चारी घोड्या दाखवल्याशिवाय पुढचं बोलायचा नाही. उद्यमबागेत एवढी वर्षं काढलेला माणूस असं उगाच म्हणत नाही.

गिअरबॉक्स उतरला त्या रात्री ऑइल काढलो तर लालभडक. मी घाबरलो, मामा पण घाबरला. मग बघितलो तर ह्या मॅन्युअल गिअरबॉक्सला ऑटोमॅटिकचंच पातळ लाल ऑइल घालतात. आणि वरच्या कव्हरच्या मागच्या बाजूला तीन रबरी बूच, ते वाळून झिरपतात आणि ऑइल कमी होऊन गिअरबॉक्स जातो, ही ह्या गिअरबॉक्सची जुनीच खोड. मामा म्हणाला माप पाठव, लेथवर तीन बुचं काढून देतो, तांब्याची का लोखंडाची बोल. पोस्टानं यायला लागणारे दिवस सांगितल्यावर नाद सोडला. दुकानात धातूची तयार बुचं मिळाली.

सगळे पार्ट सायकलवर आणलेत हे आईला मुद्दाम सांगतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, स्लेव्ह सिलिंडर कॅरिअरला दोरीनं बांधून, बर्फातनं. फ्लायव्हील घासून घ्यायला नेला तेव्हा सॅकमध्ये घातलो होतो, उतरलो तर सरळ उभं राहता येईना. मग मागच्या ब्रेकचे दोन ड्रम पण घेतलो, एक एक करून दोन खेपा. घरी येऊन ड्रमवरचा कागद सोडवला तर आतल्या बाजूला कास्टिंगमध्येच उठवलेलं, इंडिया. फोटो पाठवलो. आपल्या उद्यमबागेत एवढ्या फाउंड्र्या, मामाचं लगेच, "आपल्याकडचाच असंल की, कडेचं फिनिशिंग बघ." फिनिशिंगवरनं गाव ओळखता येतं का मला माहीत नाही, पण गॅरेजवर हा फोटो दिवसभर फिरला आणि कुणीतरी म्हणे शेजारच्या फाउंड्रीतल्या काकांना पण दाखवून आला.

मागच्या शनिवारी गिअरबॉक्स चढला. चढवताना रूममेट आणि म्हातारा दोघं लागले, इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या दातात बसेना, तासभर इकडून ढकल तिकडून ढकल. रविवारी क्लचची हवा काढलो, पेडल कडक झालं. चावी फिरवली. इंजिन लागलं पण मिस मारायला लागलं, मामा म्हणाला फोन इंजिनजवळ धर, रेस दे, सोड, परत दे. "हवा ओढूलाय कुठनं तरी, पाइप बघ." १९९६ पासून इथल्या गाड्यांना कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट सक्तीचं आहे, म्हाताऱ्याकडचा छोटा स्कॅनर लावून बघितलो, कोड आला पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त. इनटेकच्या मागं व्हॅक्यूमचा एक रबरी पाइप चिरलेला निघाला. रूममेट कॉम्प्युटर सायन्सचा, तो मामाला एकदा भेटायचं म्हणतोय.

पाइप बदलला, रिव्हर्स टाकला, पिकअप सात महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या पायानं शेडाबाहेर दहा फूट आला. मी ब्रेक दाबला आणि पेडल फळीला टेकलं. मागच्या चाकाकडं जाणारी ब्रेकची नळी गंजून फुटली. मामा म्हणाला बरं झालं, रस्त्यावर फुटली नाही.

नवीन नळी गुरुवारी येणार, तोंड फुलवायचं हत्यार दुकानातनं डिपॉझिटवर आणायचं, ते सायकलवरच. पुढं लायसन्स प्लेट, इन्शुरन्स. तर आई, ह्या रविवारी विचारू नकोस, त्याच्या पुढच्या रविवारी विचार.