खापरपणजीची फाइल

शनिवार, रात्री

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवलेली पेन्शनची फाइल आली. नवऱ्याला हवे होते त्याचे खापरपणजोबा: नॉर्वेतून अमेरिकेत येऊन आयोवा राज्यातल्या विनेशीक काउंटीत शेती केलेले, अमेरिकेच्या यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या पंधराव्या रेजिमेंटमधून लढलेले. ती जवळजवळ अख्खी पलटण नॉर्वेजियन. तिचा कर्नल हान्स क्रिश्चन हेग 1863 मध्ये चिकामॉगाच्या लढाईत पडला. पलटणीत नुसते ‘ओले’ नावाचे शंभराहून जास्त शिपाई होते, त्यातलेच हे एक. सासरी यांच्या शौर्याच्या कथा भरपूर आहेत, पण फाइलमध्ये शौर्य दीड पानात उरकलंय. बाकी सगळी फाइल त्यांच्या बायकोची, म्हणजे खापरपणजीची.

1890 च्या कायद्याने सैनिकाच्या विधवेला महिना 8 डॉलर मिळू लागले. नवरा लढाईत गेलेला नसला तरी चाले. मात्र लग्न त्या कायद्याच्या आधीचं हवं, आणि स्वतःच्या कष्टांखेरीज पोटाला दुसरा आधार नाही हे दाखवायला हवं. म्हणून मग शेजाऱ्यांच्या साक्षी: हिच्या दोन गाई आहेत, घर मुलाच्या नावावर आहे, आम्ही हिला लग्न झाल्यापासून ओळखतो. पाद्र्याने चर्चच्या वहीतून उतरवून दिलेला लग्नाचा दाखला. खाली तिच्या सहीच्या जागी फुली.

चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईने आपण बायको आहोत हे सरकारला पटवून द्यायचं! राग येतो, आणि तिला ते करावं लागलं म्हणूनच ती आज मला सापडली, हेही खरं.

रविवार

फुली पाहून नवरा म्हणाला, निरक्षर असणार. मी 1900 ची जनगणना काढून दाखवली. तिथे वाचता येतं, लिहिता येतं, इंग्रजी बोलता येतं असे तीन वेगळे रकाने आहेत. तिच्यापुढे: हो, नाही, नाही. नॉर्वेत चर्चच्या धर्मदीक्षेसाठी (कन्फर्मेशन) मुलींनाही वाचायला शिकावंच लागे, लिहिण्याची सक्ती नव्हती.

त्याच ओळीत आणखी दोन रकाने. मुलं किती झाली: 11. हयात किती: 6.

या पाच जणांचा माग कुठे काढायचा? आयोवात जन्मनोंदणी सुरू झाली 1880 मध्ये. जनगणना दहा वर्षांनी एकदा. मधल्या काळात जन्मून गेलेलं मूल तिच्यात येतच नाही. 1890 ची जनगणना तर 1921 च्या आगीत बहुतेक गेलीच. राहिल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वह्या.

जमिनीचे कागद मात्र चोख. सव्वा डॉलर एकर. होचंक या मूळच्या आदिवासी लोकांना 1848 मध्ये तिथून मिनेसोटात हाकलल्यावर ही जमीन मोकळी झाली, आणि काउंटीला नाव राहिलं त्यांच्याच एका सरदाराचं. सासरच्या कथांमध्ये हे कुणी सांगत नाही.

सोमवार

पाद्र्याच्या दाखल्यात तिचं माहेर सापडलं: वाल्ड्रेस खोरं. नॉर्वेच्या सरकारी संकेतस्थळावर तिथल्या चर्चच्या वह्या फुकट बघता येतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा ‘हुसमन’, म्हणजे दुसऱ्याच्या शेताच्या कडेला खोपट बांधून राहायचं आणि बदल्यात मालकाकडे राबायचं.

बोटीचं नाव मिळणार नाही. ही मंडळी 1850 च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमार्गे आली आणि तिथल्या प्रवाशांच्या याद्या 1865 पासूनच्याच आहेत.

आता वंशवृक्षात तिचं आडनाव काय घालायचं यावर आमचं वाजलंय. नॉर्वेत बापाच्या नावापुढे ‘डाटर’ (मुलगी), त्यापुढे शेताचं नाव, आणि शेत बदललं की तेही बदलायचं. आपल्याकडचं ‘कर’ गाव सुटलं तरी सुटत नाही, हे तसं नाही. अमेरिकन कागदांत ती नुसती नवऱ्याच्या आडनावाची. नवरा म्हणतो तेच घाल, नाहीतर नातेवाइकांचा गोंधळ होईल. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत माझ्या पणजीचं नावसुद्धा नाही, त्यामुळे या बाबतीत मी ऐकणार नव्हते. बापाकडचं नाव घातलं.

आयोवातल्या चर्चची बाप्तिस्म्याची वही जुन्या गॉथिक वळणात आहे. ते वाचणारं कुणीतरी विनेशीक काउंटीतल्या डेकोरा गावच्या नॉर्वेजियन संग्रहालयाकडून मिळतंय का, ते उद्या फोन करून विचारायचंय. गेलेल्या मुलांची पाच नावं शोधायची आहेत.