कडता

मनूच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात ओळी होत्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. एकेका ओळीवर इतकी खाडाखोड, की दिवाळीच्या वाणसामानाची यादी परवडली. वरच्या कोपऱ्यात चौकट करून ४०,००० लिहिलं होतं. तो आकडा माझा. बाकीचं सगळं तिचं.

पोरगी डिप्लोमाला गेली की लॅपटॉप मागणार, अशी मी मनाची तयारी ठेवली होती. पण ही म्हणाली, "बाबा, तेवढ्याच पैशात कॉम्प्युटर असेंबल केला तर दुप्पट काम देईल. आणि पुढं एकेक पार्ट वाढवता येतोय." दुप्पट वगैरे शब्दांवर माझा विश्वास नसतो. वाढवता येतोय, हे मात्र पटलं. आमचं सांगलीच्या गावभागातलं घरसुद्धा एकदम कुठं बांधलंय? आजोबांनी दोन खोल्या, वडिलांनी माडी, मी संडास-बाथरूम.

पुढचा महिनाभर आमच्या जेवणात आकडे वाढले जात होते. "आय३ १२१००एफ" हे मला आधी कुणाच्या तरी स्कूटरचा नंबर वाटलं. त्यातलं शेवटचं 'एफ' महत्त्वाचं निघालं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावामागं एफ लागला की त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घातल्याशिवाय पडद्यावर काळोख. म्हणून तो स्वस्त मिळतो, आणि म्हणूनच पहिल्यांदा घेणारा त्याला भुलतो. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मधला 'जी' याच्या उलट, चित्राची सोय आतच. सहा कोअर, बारा थ्रेड, २०२१ सालचा माल. आमच्या चौकटीत कार्ड बसणारच नव्हतं, त्यामुळं जी ठरला.

जी ठरला म्हणजे एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड ठरला. सॉकेट म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो ती बोर्डावरची खाच. हे सॉकेट २०१६-१७ पासून बाजारात आहे, २०२२ ला त्याच्या पुढचं एएम५ आलं. नवं घ्यावं तर नव्या पिढीची डीडीआर५ रॅम, महागडा बोर्ड, आणि चौकट मोडते. जुनं घ्यावं तर पुढं रस्ता बंद. मनूला दोन रात्री झोप नाही. मी म्हटलं, "रस्ता बंद असला तरी आपलं घर अलीकडंच आहे की." ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही, पण वहीत एएम४ राहिलं.

खरा घोळ रॅमचा. २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव एकाएकी उसळले. चिप करणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरांकडं वळवला आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. मनू सकाळी भाव लिहायची, रात्री खोडायची. हे बघून आण्णांनी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला.

आण्णा म्हणजे माझे वडील. हळदीच्या अडत दुकानात ३२ वर्षं दिवाणजी होते. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांतली हळद बाहेर निघून सौद्याला यायची, तो काळ त्यांनी पाहिलाय. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली, त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. आमच्या घरातली भाषा मात्र अजून यार्डातलीच आहे. कडता हा शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलो असेन. पोत्याचं, मातीचं, ओलीचं म्हणून तोलातून जे वजा करतात, तो कडता. मी ९२ मार्क घेऊन आलो की विचारायचे, "आठाचा कडता कुणी कापला रे?"

तर मनूचा बेत असा, की रॅमची ८ जीबीची एक पट्टी आत्ता घ्यायची आणि दुसरी भाव उतरल्यावर.

"एकीवर चालतंय?" आण्णांनी विचारलं.

"चालतंय हो आजोबा. पण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलंच उसनं घेतं. एक पट्टी म्हणजे ये-जा एकाच वाटेनं. दोन लावल्या की दोन वाटा होतात. ड्युअल चॅनल म्हणतात त्याला."

"म्हणजे गोदामाला एक दार का दोन."

"हां, तसंच."

"आणि दुसरं दार पुढच्या वर्षी पाडणार. गाड्या तोवर रस्त्यावर उभ्या."

दुसरी पट्टी यादीत आली. तिच्यापायी काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट गेलं आणि साधं काळं पत्र्याचं आलं. मनूनं ती ओळ खोडताना पेन जरा जास्तच दाबलं. मॉनिटर २४ इंचांचा २२ झाला. साठवणीची एसएसडी ५०० जीबीची ठेवली. तिच्यात हात घालायला आता कुणाची छाती नव्हती.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवायचं, पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन यायचं, असं सगळं बोलून झालं आणि शेवटी आम्ही तिघं विश्रामबागेतल्या एका दुकानात गेलो. काही बिघडलं तर परत न्यायला जवळ, एवढाच हिशोब. आण्णांना न्यायचं ठरलं नव्हतं. ते चप्पल घालून आधीच दारात उभे होते.

"काका, ह्या कॅबिनेटसंगं एसएमपीएस फ्री येतोय की," दुकानातला पोरगा म्हणाला. "४५० वॅट लिहिलंय बघा. वेगळा कशाला घेताय?"

मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. सगळ्या यादीत हा एकच डबा असा, की जो पडद्यावर दिसत नाही, वेग वाढवत नाही आणि मित्रांना सांगावा असा त्यात काही नाही. भिंतीतली वीज घ्यायची आणि बोर्डाला सोसेल अशी करून द्यायची, एवढंच त्याचं काम. ५६००जी हा ६५ वॅटचा प्रोसेसर, आमचा सगळा संसार दीडशे वॅटच्या आत. मग स्टिकरवर ४५० असो नाही तर ५००, आम्हाला काय?

आण्णांनी तो फुकटचा डबा उजव्या तळहातावर घेतला आणि दोनदा वरखाली केला. मग म्हणाले, "दुसरा द्या." पोरानं ८० प्लस ब्राँझचा, तोही ४५० वॅटचाच, काउंटरवर ठेवला. तो त्यांनी डाव्या हातात घेतला. दोन्ही हात पुढं, डोळे मिटलेले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली.

"हा रिकामा आहे," उजवा हात किंचित उचलून ते म्हणाले.

नंतर मी वाचलं, तर बात अगदीच हवेतली नव्हती. स्वस्त एसएमपीएसमध्ये ट्रान्सफॉर्मर लहान, तांबं कमी, उष्णता ओढून घेणारे ॲल्युमिनियमचे पत्रे पातळ, म्हणून तो हलका लागतो. ब्राँझचा शिक्का म्हणजे निम्म्या भाराला आत घेतलेल्यातली ८५ टक्के वीज तरी कामी येते, बाकीची गरम होऊन जाते. अर्थात वजन म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. आत लोखंडाचा ठोकळा टाकून वजन वाढवणारे नग जगात असतीलच, आणि हे आण्णांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण पिंपात घोळून पॉलिश केली की सगळीच हळद चकचकीत दिसते. जाणकार हळकुंड कट्‌कन मोडतो आणि आतला रंग बघतो. एसएमपीएस दुकानात मोडू देत नाहीत, म्हणून त्यांनी तोलून बघितला. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर लागले की आमचा बल्ब कसा पिवळा पडतो, ते आठवून मी पैसे काढले. जीएसटी १८ टक्के धरून बिल चौकटीच्या ६४० रुपये बाहेर गेलं. आण्णांनी बेरीज दोनदा तपासली, तरी तेवढंच.

जोडणी माडीवर. आमच्याकडं २०१९ च्या पुरानंतर किमती वस्तू खाली ठेवतच नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं त्या ऑगस्टमध्ये, आणि धोक्याची पातळी ४५ ची. भिंतीवरची चिखलाची रेघ रंगाखाली गेली, एवढंच.

मनूनं प्रोसेसर उघडला. इवल्याशा चौकोनाखाली १,३३१ सोनेरी पिना, केसाएवढ्या. एक वाकली तरी कर्म कठीण. तिनं कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाशी जुळवला आणि नुसता वरून सोडला. दाबायचा नाही, आपल्या वजनानं बसतो. मी श्वास धरून होतो. एसएसडीचा स्क्रू मुगाच्या दाण्याएवढा. तो पलंगाखाली गेला आणि आईच्या केरसुणीनं बाहेर आला.

दोन तासांनी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. पुन्हा दाबलं, काळाच. मनूचं तोंड एवढंएवढं झालं. मी एफ-जीची गफलत झाली का म्हणून खोकं तपासायला घेतलं.

"त्या दोन पट्ट्या तू घातल्यास ना," आण्णा आरामखुर्चीतून म्हणाले, "तेव्हा एकीचाच आवाज आला."

"कसला आवाज?"

"कट् असा. दुसरीचा नाही आला."

प्रोसेसर हलक्या हातानं बसवल्यावर रॅमही तिनं तशीच बसवली होती. ती मात्र दाबावी लागते, अगदी बोर्ड वाकतोय की काय वाटेपर्यंत. मनूनं वीज काढली, दोन्ही अंगठे ठेवले आणि डोळे मिटून दाबलं. कट्.

यावेळी पडदा उजळला. वर इंग्रजीत ओळी आल्या. रॅम ३२०० च्या वेगाची असून २४०० नं चालत होती. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन, एक्सएमपी चालू केलं तरच रॅम पुऱ्या वेगानं धावते म्हणे. घोडं घेऊनही लगाम सोडायला सांगावं लागतं, ही तऱ्हा मला काही आवडली नाही. संध्याकाळपर्यंत विंडोज बसलं. आण्णा खुर्ची ओढून पडद्यासमोर आले, हातात वही आणि बिल. माल पोचला की बिलाशी ताडून बघायचा, ही सवय.

"एसएसडी?"

"चारशे पासष्ट दाखवतंय."

"बिलात पाचशे आहे."

"कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आजोबा, विंडोज १,०२४ च्या."

"काटे दोन. बरं. रॅम?"

"सोळा. म्हणजे, वापरायला पंधरा पूर्णांक चार."

आण्णांनी चष्म्यावरून बघितलं.

"उरलेलं ग्राफिक्सनं काढून घेतलं," मनू म्हणाली. "चित्र दाखवायचं म्हणून."

त्यांनी मान डोलावली, टोपण काढलं, आणि रॅमच्या ओळीपुढं आपल्या दिवाणजी अक्षरात लिहिलं: १६. कडता ०.६. निव्वळ १५.४.